माणसं राहिली

रानात कांदा काढणी सुरू झाली की गावाला एक वास येतो. चिरलेल्या कांद्याचा झोंबणारा वास वेगळा. हा उपटून वाफ्यात पसरलेल्या, सुकत चाललेल्या पातीचा असतो. जरासा गोड, जरासा धुळीचा. दुपारी वारा फिरला की तो घरात येतो आणि दोरीवरच्या कपड्यांतही बसतो. माझी सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत झाली, त्यामुळे तो मला नवा नाही. पण आता तीन वर्षं झाली, तो आला की मला परीक्षा आठवते. माझी नाही, माझ्या मुलीची, प्रांजलची.

परवा असाच वारा सुटला होता. मी बाहेर मटकी निवडत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या लताताई त्यांच्या वैष्णवीला घेऊन आल्या. पोरगी यंदा बारावीत जाईल. ती आईच्या मागे उभी राहिली आणि माझ्याऐवजी माझ्या ताटातल्या मटकीकडं बघत राहिली.

"सिस्टर, हिला जरा समजून सांगा," लताताई म्हणाल्या. "तुमच्या प्रांजलसारखं हिलाबी आर्किटेक व्हायचंय म्हणती. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. चान्स किती असतो ओ?"

मी दोघींना बसवलं, चहा केला आणि मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. गणित सोडायचं नाही. बारावीचे मार्क लागतात आणि शिवाय नाटा म्हणून एक प्रवेश परीक्षा असते, तिच्यात चित्रं काढायची असतात. ती एकदा बरी गेली नाही तर त्याच हंगामात पुन्हा देता येते. दोन्हींचे मार्क मिळून नंबर लागतो. वैष्णवी मान हलवत होती. पण लताताईंनी विचारलं होतं ते मी सांगितलंच नव्हतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. चान्स किती असतो? त्या गेल्यावर मटकी तशीच राहिली आणि मी त्या उन्हाळ्यात जाऊन बसले.

तेव्हा मी बोरी बुद्रुकच्या पलीकडच्या एका लहान गावात आरोग्यसेविका होते. पुढं उपकेंद्र, मागं आमचं क्वार्टर. प्रांजलचे पप्पा चाकणला कंपनीत. साप्ताहिक सुट्टीला घरी यायचे, कपडे धुऊन वाळवून, इस्त्री करून परत जायचे. म्हणजे घरात बहुतेक दिवस आम्ही दोघीच. कुकडीच्या पाण्यावरचं गाव, चहूकडं ऊस, त्यामुळं बिबट्याची कायमची धास्ती. दिवस कलला की पोरं घरात. प्रांजल लहानपणापासून अशी संध्याकाळची घरात कोंडलेली असायची आणि वहीच्या मागच्या पानांवर घरं काढायची.

आर्किटेक्चर हा शब्द आमच्या घरात नेमका कधी आला ते मला सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र आठवते. ती नववीत असेल. उपकेंद्राच्या दाराशी एक बाकडं होतं, रस्त्याकडं तोंड करून. तपासणीला आलेल्या गरोदर बाया त्या बाकड्यावर बसायच्या नाहीत, पायरीवर रस्त्याकडं पाठ करून अवघडून बसायच्या. मी कितीदा म्हणायचे, बाकड्यावर बसा गं. कुणी ऐकायचं नाही. प्रांजलनं ते पाहिलं. एका सकाळी आशाताईंना हाताशी धरून तिनं ते बाकडं ओढत ओढत बाजूच्या करंजाखाली नेलं आणि भिंतीकडून आडोसा होईल असं लावलं. त्या दिवशी तपासणी झाली तरी बाया उठेनात. आशाताई, आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना आता घरी घालवायचं कसं?"

मला स्वतःला वाटायचं, तिनं नर्सिंगला जावं. नोकरी म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्या घरात पहिला पगार माझा. त्या पगारावर माझी दोन भावंडं शिकली, वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मुलीच्या हातात असंच एखादं पक्कं काम असावं असं कुठल्या आईला वाटत नाही? बांधकामाच्या वाटेवर माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. तिनं अकरावीला बायोलॉजी न घेता गणित धरून ठेवलं, तेव्हा मी तिच्या पप्पांना फोनवर म्हटलं, "आता काय करायचं?" ते म्हणाले, "करायचं काय? आपल्याला कोण इचारतंय. शिकू दे की."

निमगाव साव्याला चित्रकलेचे एक निवृत्त सर राहायचे. रविवारी प्रांजल त्यांच्याकडं जायची. बारावीचे पेपर संपल्यावर ते मला एकदा उपकेंद्रात भेटले, रक्तदाब बघायला आले होते. पट्टा दंडाला बांधलेला असतानाच म्हणाले, "सिस्टर, पोरगी घरं लई चांगली काढती. खिडकी कुठं, दार कुठं, उजेड कुठून, सगळं बरोबर. पण राहायला कुणी नाय त्यात. रिकामी घरं."

मी विचारलं, "म्हणजे?"

"माणसं जमत न्हाईत तिला. उभी केली की खुंटीसारखी दिसत्यात. परीक्षेत बाजार काढा म्हणतील, स्टँड काढा म्हणतील. तिथं माणसं लागणार."

पहिली परीक्षा जयंतीनंतरच्या दिवसांत होती. गावागावांत खांबांवर निळ्या पताका अजून तशाच होत्या. नारायणगावच्या स्टँडवरून आम्ही पुण्याची बस धरली. केंद्राबाहेर शहरातली पोरं होती, खांद्याला कागद ठेवायच्या लांब नळ्या अडकवलेली, एकमेकांना क्लासच्या सरांच्या गोष्टी सांगत हसणारी. प्रांजलच्या हातात पेन्सिलींचा डबा आणि तिच्या पप्पांची जुनी पाण्याची बाटली. ती आत गेली. मी समोरच्या फुटपाथवर एका बंद दुकानाच्या सावलीत बसले. आजूबाजूला आणखी आया होत्या. एकीनं विचारलं, "तुमची कुठल्या क्लासला?" मी म्हटलं, "निमगाव साव्याला." तिनं समजल्यासारखी मान हलवली.

प्रांजल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. रस्ता ओलांडला, बसस्टॉपपर्यंत गेलो, तिथं ती म्हणाली, "मम्मी, माणसं राहिली."

"कसली माणसं?"

"चित्रात. भाजी मंडई काढायची होती. मी आधी शेड काढलं, ओटे काढले, छपराचे पत्रे काढले. मग वेळ संपला. मंडईत कुणीच नाही."

चाकणच्या स्टॉपवर तिचे पप्पा त्याच बसमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. गर्दीत उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "कसा गेला?" तिनं त्यांनाही तेच सांगितलं, माणसं राहिली. ते म्हणाले, "मग फुडच्या टायमाला माणसं आधी काढ." आमच्या तिघांत त्यांना एकट्यालाच ते इतकं सोपं वाटलं. पण राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, आणि कळंबच्या आसपास कधीतरी प्रांजलनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. झोपली नव्हती. विचार करत होती.

पुढची परीक्षा मे महिन्याच्या शेवटी होती. मधल्या दिवसांत तिनं घरातली माणसं काढायला घेतली. मी तिच्या कामाची नव्हते, मी एका जागी थांबायचेच नाही. भाकरी थापताना काढायला लागली तर भाकरी तव्यावर आणि मी चहाच्या पातेल्यापाशी. "मम्मी, तू नुसती पाठच आहेस," ती म्हणायची. तिचे पप्पा थांबायचे, पण थांबले की झोपायचे. शेवटी ती आपलं पॅड घेऊन उपकेंद्राच्या करंजाखाली जाऊन बसायला लागली. तपासणीच्या दिवशी बाया, लसीकरणाच्या दिवशी बाया आणि लेकरं. सुरुवातीला त्या तोंडाला पदर लावायच्या. मग एकीनं विचारलं, "माझं नाक एवढं हाय व्हय गं?" आणि सगळ्या हसल्या. त्यानंतर त्याच तिला बोलवायला लागल्या. कुणी लेकराला पाजताना बसायची, कुणी केसांची गाठ मारताना. टोचलेल्या लेकराच्या रडण्याचं चित्र काढता येत नाही, हेही तिला तिथंच कळलं.

त्या बायांत हिरा होती.

हिरा घाटघरच्या बाजूची, डोंगरातली. तिकडून दर उन्हाळ्यात माणसं खाली आमच्या भागात कांदे काढायला येतात. हिरा आणि तिचा नवरा एका मळ्याच्या कडेला ताडपत्रीची खोप करून राहिले होते. ती विशी-बाविशीची, पहिलटकरीण, आठवा लागलेला. तिच्या डोळ्याची खालची पापणी मी ओढून बघितली तेव्हा आत गुलाबी असं काही नव्हतंच. रक्त फार कमी होतं. मी गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे खा म्हटलं, पालेभाजी खा म्हटलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विश्रांती घे म्हटलं. ती हसली.

"बसून कसं चालंल, बाई? जोडीनं काम धरलंय. म्या बसल्यावर त्याच्या एकट्याच्यानं वाफं उरकतील का?"

"अगं, तुझ्या पोटातल्या जिवासाठी सांगते."

"त्यालाबी सवय नको का?" ती म्हणाली.

आशाताईंनी सांगून बघितलं, मी दोनदा मळ्यावर जाऊन आले, तिच्या नवऱ्याला बोलले. तो बिचारा ऐकायचा, मान हलवायचा, तिला म्हणायचाही, बस. ती बसायची नाही. ऊन डोक्यावर घेऊन वाकलेली दिसायची.

एका तपासणीच्या दिवशी ती करंजाखाली बसली होती आणि प्रांजल तिला काढत होती. माझं काम उरकलं, बाकीच्या बाया गेल्या, तरी हिरा जागची हलली नव्हती. पाय समोर पसरलेले, एक हात मागं टेकलेला, दुसरा पोटावर, मान किंचित कलती. मी दारातून बघत राहिले. त्या मुलीला इतका वेळ स्वस्थ मी पहिल्यांदा पाहत होते.

"हिराताई, अवघडलीस का?" प्रांजलनं विचारलं.

"न्हाई. काढ तू. तुझी परिक्षा हाय ना?"

मी आत गेले आणि प्रांजलला बोलावून घेतलं. म्हटलं, "हिला रोज बोलव."

"रोज? मम्मी, माझ्याकडं तिची खूप झालीत. मला म्हातारी माणसं हवीयेत, चालणारी हवीयेत."

"तू तिला बोलव. दुपारी, ऊन असेल तेव्हा. आणि हळू काढ."

प्रांजलनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. त्या दिवसापासून हिरा दुपारची यायला लागली. स्वतःसाठी ती बसली नसती, पोटातल्यासाठीही बसत नव्हती, पण पोरीचं काम अडलंय म्हटल्यावर यायची. मुकादमाला सांगून यायची, "नर्सबाईच्या पोरीचं परिक्षेचं काम हाय, मला जावं लागतंय." येताना हातपाय धुऊन, केस नीट करून यायची. मी तिला ताक द्यायचे, भाकरी द्यायचे, गोळी माझ्यासमोर घ्यायला लावायचे. प्रांजल हळू काढायची. एकेका बोटाला इतका वेळ लावायची की हिरा बसल्या बसल्या पेंगायची.

त्या दुपारी मला फार आवडायच्या. पंखा फिरत असायचा, बाहेर पातीचा वास, लांब कुठंतरी लग्नाचा बँड. दोघींचं बोलणं कानावर पडायचं. हिरा तिला डोंगरातलं सांगायची. पावसात वारं असं येतं की दार उघडंच राहत नाही, म्हणून त्यांच्याकडं दारापुढं आणखी एक कुडाची भिंत असते. प्रांजल ते लगेच कागदाच्या कडेला काढून घ्यायची आणि विचारायची, "मग उजेड कुठून येतो?" "चुलीचा असतो की," हिरा म्हणायची. मला वाटायचं, ही माझी मुलगी कुठल्या परीक्षेचा अभ्यास करतेय कोण जाणे, पण तिच्या चित्रातली माणसं आता खुंटीसारखी दिसत नव्हती. त्यांना वजन आलं होतं. बसली की जमिनीवर बसलेली दिसायची.

एक दिवस हिरानं आपलं चित्र मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"मी अशी बसते व्हय?"

"हो."

"इतकी निवांत?" ती म्हणाली. मग ते चित्र तिनं नीट दुमडून पदराखाली घेतलं. प्रांजलनं ते तिला देऊन टाकलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. उसाच्या रस्त्यानं अंधारात चालत जायला नको म्हणून आशाताईंचे मालक आम्हाला गाडीवर नारायणगावला सोडणार होते. मी डबा भरला, प्रांजल वेणी घालत होती, आणि दारावर थाप पडली. हिराचा नवरा होता. धावत आला होता, त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"बाई, तिला कळा सुटल्यात. लाल जातंय."

दिवस अजून भरले नव्हते. मी पिशवी घेतली, एकशेआठला फोन लावला, आशाताईंना हाक मारली. हे सगळं हातांना सवयीनं येतं. मग मला प्रांजल दिसली. अर्धी वेणी हातात धरून ती उभी होती. या मुलीला घेऊन मला पुण्याला जायचं होतं. ती एकटी नारायणगावच्या पुढं कधी गेलेली नव्हती. तिचे पप्पा रात्रपाळीला होते, त्यांची सुट्टी सकाळी उशिरा व्हायची.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तू हिराताईबरोबर जा."

"आणि तू?"

"मला बस माहितीये. उतरायचं कुठं ते माहितीये. मागच्या वेळी बघून ठेवलंय सगळं."

"घाबरशील का?"

"घाबरेन," ती म्हणाली. "पण जाईन."

तिनं वेणी पुरी केली. मी डबा तिच्या सॅकमध्ये घातला. आशाताईंच्या मालकांच्या गाडीचा लाल दिवा उसाच्या वळणापर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला. मी खोपीकडं पळाले.

रुग्णवाहिकेत हिरानं माझं मनगट धरलं होतं, ते दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही. ओरडत नव्हती. मधेच तिनं विचारलं, "प्रांजलची परिक्षा आज व्हती ना? तुमी इथं कशा?" मी म्हटलं, "ती गेली पुढं." "एकली?" "एकटी." तिनं डोळे मिटले. मला वाटलं कळ आली, पण ती म्हणाली, "हुशार हाय. जाईल."

ग्रामीण रुग्णालयात तिला आत घेतलं आणि मी बाहेर राहिले. तिथं मला करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या नोकरीत लोक मला सारखं विचारतात, काय होईल हो बाई? मी कधी आकड्यात उत्तर देत नाही. ये, बघू, तपासू, वेळेवर चल, एवढंच म्हणते. त्या सकाळी बाकड्यावर बसून मला स्वतःलाच तो प्रश्न पडला होता, आणि एकाच वेळी दोघींच्या बाबतीत. आत एक मुलगी होती, तिकडं बसमध्ये एक मुलगी होती, आणि दोघींसाठी माझ्या हातात जे होतं ते करून संपलेलं होतं. आता कुठं पोहोचली असेल, स्वारगेटची बस तिला कळली असेल का, डबा खाल्ला असेल का. आतून पावलांचा आवाज आला की मी उठायचे. हिराचा नवरा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याच्या नखांत अजून कांद्याच्या वाफ्यातली माती होती. मी त्याला चहा आणून दिला. तो गार झाला तरी त्यानं कप तोंडाला लावला नाही.

हिराला रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली. लहानशी, ससुल्याएवढी, पण रडली, मोठ्यानं रडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, दोघी ठीक आहेत. हिराच्या नवऱ्यानं ते ऐकलं आणि तसाच बसून राहिला. मग त्यानं तो गार चहा पिऊन टाकला.

दुपारी फोन वाजला. "मम्मी," प्रांजल म्हणाली, "हिराताईचं काय झालं?"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तुझं?"

पलीकडं रस्त्याचा गोंगाट होता. "माझं झालं," ती म्हणाली. "जत्रा काढायची होती. मी आधी माणसं काढली. मध्ये एक बाई, हिराताईसारखी बसलेली, तिच्या मागं पुढं बाकीची. मग राहिलेल्या जागेत देऊळ बसवलं. देऊळ जरा लहान झालं."

"होऊ दे लहान," मी म्हटलं. माझा आवाज बदलला असावा, कारण ती म्हणाली, "मम्मी, रडू नकोस ना. मला परत यायचंय अजून." चाकणला तिचे पप्पा स्टॉपवर उभे होते. तिथून दोघं मिळून आले.

पुढचे दिवस वाट बघण्याचे. हिरा बाळाला घेऊन काही दिवस आमच्या मागच्या खोलीत राहिली आणि पावसाआधी डोंगरात परत गेली. अजून उन्हाळ्यात खाली आली की भेटते. तिची लेक आता बोलते आणि मला बाई म्हणते. प्रांजलचे मार्क आले. पहिल्यापेक्षा बरेच चांगले, तरी पुण्याच्या मोठ्या कॉलेजांत बसतील असे नव्हते. गणितानं बारावीत थोडा दगा दिला होता. नारायणगावला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातला मुलगा स्क्रीनकडं बघत म्हणाला, "ताई, पुण्यात चान्स कमी हाय. बाहेरची कॉलेजं टाकून ठेवू." पहिल्या फेरीत कुठंच नाव आलं नाही. त्या आठवड्यात प्रांजल घरात फार कमी बोलली. भांडी घासायची, झाडायची, आणि सुचलं की करंजाखाली जाऊन बसायची. बाया विचारायच्या, "काय झालं गं?" ती म्हणायची, "अजून न्हाई." एका म्हाताऱ्या आजींनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "आमचं इतकं काढून घेतलंस, वाया कसं जाईल?"

नर्सिंगचे अर्ज अजून सुरू होते, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी ते बोलले नाही. एका सकाळी तीच म्हणाली, "नाहीच मिळालं तर एक वर्ष पुन्हा बसू का?" मी म्हटलं, "बस." एवढा एक शब्द बोलायला मला किती अवघड गेलं ते तिला कळलं असावं, ती उठून आली आणि माझ्या हातातलं लाटणं घेऊन उरलेल्या पोळ्या तिनं लाटल्या.

दुसऱ्या फेरीचा निकाल लागला तेव्हा लसीकरण चालू होतं. तिनं मोबाईल बघितला, पुन्हा बघितला, माझ्या टेबलापाशी आली. माझ्या हातात सुई होती, समोर एक लेकरू. ती थांबली. मी टोचलं, कापूस दाबला, तेव्हा म्हणाली, "नाशिकला मिळालं."

आम्ही आजवर पुण्याच्याच बाजूला जात आलो होतो; नोकरी, दवाखाना, नातेवाईक, सगळं तिकडं. नाशिकची बस त्याच हमरस्त्यावरून उलट्या दिशेनं जाते. आळेफाट्याच्या पुढं मी आयुष्यात दोन-तीनदाच गेले असेन. तिचे पप्पा म्हणाले, "रस्ता तोच हाय की. नुसतं तोंड फिरवायचं."

तिला वसतिगृहात सोडायला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. भुरभुर पाऊस होता. कॉलेजात कागदपत्रं, सह्या, रांगा, इमारतीतून इमारतीत जिने चढणं-उतरणं यात अर्धा दिवस गेला. तिचे पप्पा गादी आणि बादली आणायला बाजारात गेले. आम्ही दोघी तिच्या खोलीत आलो, तिसऱ्या मजल्यावर. तीन कॉट, दोन अजून रिकाम्या. खिडकीतून एक गुलमोहर आणि मागं ओली मोकळी जमीन दिसत होती. मी सामान लावायला घेतलं तर तिनं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

"तू पड जरा. पहाटेपासून उभी आहेस."

"नको, बसनं जायचंय."

"वेळ आहे. पप्पा यायचेत अजून. पड."

कॉटवर गादी नव्हती, तिनं घरून आणलेली गोधडी अंथरली. मी म्हटलं पाच मिनिटं पाठ टेकते. पावसाचा आवाज, नवीन रंग दिलेल्या भिंतींचा वास. माझ्या आयुष्यात दिवसाउजेडी झोपल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी मी गाढ झोपले. स्वप्न नाही, काही नाही.

जाग आली तेव्हा उजेड बदलला होता. दाराशी नवी बादली आणि गुंडाळलेली गादी होती, म्हणजे तिचे पप्पा येऊन खाली गेले होते. प्रांजल समोरच्या रिकाम्या कॉटवर हात मांडीत घेऊन बसली होती. कपाट लावून झालं होतं, पिशव्यांच्या घड्या घालून झाल्या होत्या. आवाज होऊ नये म्हणून तिनं खिडकीही लावून घेतली होती.

"उठवलं का नाहीस गं? बस गेली असती."

"गेली असती तर पुढची होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "अजून थोडं झोपायला पाहिजे होतंस."

मी उठून साडी नीट केली, तोंड धुतलं. तिला जवळ घेतलं तेव्हा लक्षात आलं, ती माझ्यापेक्षा उंच झाली होती, बहुधा कधीचीच. दाराशी आले. येताना मी चपला घाईत कशाही काढल्या होत्या, एक इकडं एक तिकडं. आता त्या उंबऱ्याबाहेर जवळजवळ ठेवलेल्या होत्या, पुसलेल्या, तोंडं जिन्याकडं केलेली. मी त्यांत पाय घातले.